परीक्षानळीतला खिळा आणि कोल्हापूरचा पावसाळा

लोखंड गंजण्याचा धडा आपण सर्वांनी शिकलेला आहे, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी बहुतेकांनी तो शिकवलेलाही आहे. तीन परीक्षानळ्या घ्यायच्या. पहिलीत साधे पाणी आणि वर हवा. दुसरीत उकळून गार केलेले पाणी, त्यावर तेलाचा थर. तिसरीत कोरडे कॅल्शिअम क्लोराइड. प्रत्येकीत एकेक स्वच्छ खिळा टाकून बूच लावायचे आणि काही दिवस वाट पाहायची. पहिल्या नळीतला खिळा गंजतो, इतर दोन गंजत नाहीत. निष्कर्ष : गंज चढण्यासाठी हवा आणि पाणी दोन्ही लागतात. त्याखाली गंज टाळण्याचे उपाय : रंग देणे, तेल किंवा ग्रीस लावणे, जस्ताचा मुलामा देणे, संमिश्र बनवणे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. राज्यांच्या पुस्तकांतही थोड्याफार फरकाने तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

मी शाळेत असताना आमच्या गटाच्या पहिल्या नळीतला खिळा आठवडा उलटला तरी चकचकीतच राहिला. गुरुजींना दाखवला. ते म्हणाले, ‘‘गंजला असे लिहा.’’ आम्ही लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले. तो खिळा जस्ताचा मुलामा दिलेला होता, हे मला पुढे कित्येक वर्षांनी उमगले. म्हणजे धड्याच्या शेवटी दिलेला उपाय आमच्या नळीत प्रत्यक्ष उभा होता आणि आम्ही त्यावर खोटे निरीक्षण लिहीत होतो!

हा जुना प्रसंग आठवण्याचे कारण निराळे. काही वर्षांपूर्वी कोल्हापूर परिसरातल्या एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यानानंतर तिथल्या शिक्षकांनी कार्यशाळा दाखवली. कपाटात कानशी, पाने, ड्रिलची पाती, गुण्ये, दोन व्हर्निअर कॅलिपर असा बराच संच होता, आणि सारा तांबूस झालेला. व्हर्निअरचा सरकता जबडा जागचा हलत नव्हता. बाजूला निर्लेखनाची यादी तयार होती. हत्यारे भंगारात जाणार होती. नवी केव्हा येतील हे कोणी सांगू शकत नव्हते. तोवर मुले व्हर्निअर फळ्यावरच्या चित्रात पाहणार होती. शेजारच्या वर्गात त्याच आठवड्यात गंजाचा धडा शिकवून झाला होता. धडा आणि कपाट यांच्यामध्ये एकच भिंत होती, पण एकाचा दुसऱ्याला उपयोग झाला नव्हता.

तेव्हा या धड्याचे जरा कठोर परीक्षण करावे असे वाटले. शिक्षकांना दोष देण्याचा हेतू नाही. प्रश्न असा आहे, की पावसाळ्यात हत्यारे वाचवायची असतील तर हा धडा पुरतो का? पुरत नसेल, तर कुठे कमी पडतो?

धड्याची जमेची बाजू

प्रथम जे चांगले आहे ते मान्य करू. तीन नळ्यांचा प्रयोग हा तुलनात्मक प्रयोगाचा सुरेख नमुना आहे. एका वेळी एकच घटक काढून घ्यायचा आणि परिणाम पाहायचा, ही विज्ञानाची मूलभूत रीत तो अगदी कमी खर्चात शिकवतो. निष्कर्षही खरा आहे. हवेतला ऑक्सिजन आणि पाणी यांपैकी एकही नसेल तर नेहमीच्या तापमानाला लोखंड गंजत नाही.

मात्र ‘दोन्ही लागतात’ हे कळले म्हणजे ‘किती लागतात’ आणि ‘किती वेगाने गंजते’ हे कळत नाही. कोल्हापुरात जुलै महिन्यात छपराखाली, कुलूपबंद कपाटात ठेवलेली कानस गंजते. तिच्यावर कोणी पाणी ओतलेले नसते. विद्यार्थ्याच्या मनात मात्र परीक्षानळीतले, डोळ्यांना दिसणारे पाणी असते. त्यामुळे ‘पाणी लागले नाही, मग गंजले कसे?’ हा प्रश्न त्याला पडायला हवा, आणि धडा त्याला उत्तर देत नाही.

न दिसणारे पाणी

हे उत्तर सापेक्ष आर्द्रतेत आहे. तो शब्द भूगोलाच्या पुस्तकात असतो, गंज विज्ञानाच्या. दोघांची भेट क्वचितच घडते. ती घडवून पाहू.

कोल्हापुरातल्या पावसाळी सकाळी तापमान २४ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के आहे असे समजा. पावसाळ्यात आपल्याकडे ही स्थिती नवलाची नाही. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २२ अंश येतो. म्हणजे एखादी वस्तू हवेपेक्षा जेमतेम दोन अंशांनी थंड असली तरी तिच्यावर दव धरते. आता लेथचा बेड किंवा शेगड्यासारखा बिडाचा जड तुकडा पाहा. रात्रभरात तो थंड होतो आणि वजनामुळे सकाळी लवकर तापत नाही. आठ वाजता दारे उघडली, बाहेरची किंचित गरम, दमट हवा आत आली, की त्याच्यावर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. याउलट उन्हाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ४० टक्के असेल, तर दवबिंदू १५ अंशांच्या आसपास असतो. दव धरण्यासाठी लोखंड हवेहून १५ अंश थंड हवे, आणि तसे सहसा घडत नाही. तीच कानस, तेच कपाट, पण मे महिन्यात ती शाबूत राहते आणि जुलैमध्ये तांबडी होते, त्याचे कारण हे.

दव धरण्याचीही नेहमी गरज नसते. इंग्लंडमध्ये व्हर्नन या शास्त्रज्ञाने १९२० आणि १९३० च्या दशकांत केलेले प्रयोग या बाबतीत फार बोलके आहेत. हवेतली आर्द्रता हळूहळू वाढवत नेली तर गंजण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढत नाही. साधारण ६० ते ७० टक्क्यांच्या खाली तो नगण्य असतो आणि ती पातळी ओलांडली की एकदम उसळी घेतो. हवेत गंधकाचा धूर किंवा धूळ असेल तर ही उसळी फारच मोठी असते. व्हर्ननने एक साधी गोष्ट करून पाहिली. घासून चकचकीत केलेला लोखंडाचा नमुना मलमलीच्या पिंजऱ्यात टांगला आणि दुसरा तसाच उघडा ठेवला. हवा तीच, ओलावा तोच. उघडा नमुना गंजला, मलमलीतला मात्र चकचकीत राहिला. मलमल हवा अडवत नाही आणि बाष्पही अडवत नाही. ती अडवते धूळ.

तीन नळ्यांचा धडा या धुळीविषयी आणि मिठाविषयी मौन पाळतो. माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. धुळीचा कण आणि लोखंड यांच्यामधल्या फटीत बाष्प लवकर साठते. कण मिठाचा असेल तर तो हवेतूनच पाणी खेचतो. साधे मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर स्वतःच विरघळू लागते. मॅग्नेशिअम क्लोराइडसारख्या क्षारांना तर ३३ टक्केही पुरतात. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. हाताच्या घामातही तेच मीठ असते. घामट हाताने गुण्या उचलला आणि न पुसता ठेवला, की चार दिवसांनी बोटांचे ठसे गंजाच्या रंगात उमटतात. कोल्हापूर तर ओतकामाचे गाव आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या परिसरात वाळू, कोक आणि धातूची बारीक धूळ हवेत असतेच, आणि कोक जाळणाऱ्या भट्टीच्या धुरात गंधकाचा अंश असतो. इथल्या कार्यशाळेत रोज संध्याकाळी हत्यार पुसून ठेवणे हा टापटिपीचा भाग आहे असे आपण समजतो. खरे तर तो रसायनशास्त्राचा भाग आहे.

एका थेंबातली वीज

आता या पातळ पापुद्र्यात घडते काय? धडा ‘लोखंड, ऑक्सिजन व पाणी यांचा संयोग’ म्हणून पुढे जातो. हे वर्णन चुकीचे नाही, पण त्यातून उपाय सुचत नाही. गंजणे ही मुळात विजेची क्रिया आहे. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, तिला ॲनोड म्हणू. ते इलेक्ट्रॉन धातूमधूनच वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी यांच्याशी मिळून हायड्रॉक्साइड तयार करतात, ती जागा कॅथोड. दोन्हींकडून निघालेले आयन वाटेत भेटतात, त्यावर आणखी ऑक्सिजनची क्रिया होते आणि तांबूस गंज बसतो. मीठ असले की पाण्यातून वीज सहज वाहते आणि सारे काम झपाट्याने होते.

केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवून दिले. हा प्रयोग आपल्या शाळेत सहज होतो. पॉलिश पेपरने घासून साफ केलेली पोलादी पट्टी घ्या. मिठाच्या पाण्यात पोटॅशिअम फेरीसायनाइडचे अगदी थोडे द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब मिसळा. या मिश्रणाचा एक मोठा थेंब पट्टीवर ठेवा. (फेरीसायनाइड आम्लात मिसळू नये, तापवूही नये.) प्रथम थेंबात इकडेतिकडे निळे आणि गुलाबी ठिपके दिसतील. काही मिनिटांत चित्र स्थिरावते : थेंबाच्या मध्यभागी निळा रंग, कडेने गुलाबी कडे, आणि त्यांच्यामध्ये पुढे तांबूस वलय. निळा रंग लोखंड विरघळल्याची खूण, तर गुलाबी रंग हायड्रॉक्साइडची. ऑक्सिजन कडेला सहज पोहोचतो, मध्यभागी त्याचा तुटवडा असतो. आणि लोखंड झिजते ते मध्यभागी, म्हणजे ऑक्सिजन कमी आहे तिथे! ‘हवा लागते तिथे गंजते’ असे मनात धरून बसलेल्या विद्यार्थ्याला हा थेंब मोठा धक्का देतो. चांगल्या धड्याने असा धक्का द्यायला हवा.

पुराने घेतलेली परीक्षा

या थेंबाची किंमत कोल्हापूरने दोनदा मोजली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला, आणि नदीकाठच्या भागातल्या दुकानांत, गॅरेजांत, छोट्या कारखान्यांत पाणी शिरले. २०१९ च्या पुरानंतर एका परिचिताच्या वर्कशॉपमध्ये मी गेलो होतो. तिथल्या वयस्क टर्नरने मला ऐकवले, ‘‘पाण्यात हाय तोवर काय होत नाही बघा. पाणी उतरलं की मग खातंय.’’

मला ते वाक्य प्रथम विचित्र वाटले. लोखंड पाण्यात असताना अधिक गंजायला हवे, असे माझ्याही मनात तीन नळ्यांनी पक्के केलेले होते. मग आकडे मांडले. एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तर एक लिटर हवेत तो सुमारे पाव ग्रॅम, म्हणजे तीसपटीहून अधिक. शिवाय स्थिर पाण्यात ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. चार फूट गढूळ पाण्याखाली असलेल्या लेथला ऑक्सिजन मिळतच नाही म्हटले तरी चालेल. पाणी ओसरते तेव्हा मात्र त्याच्यावर पातळ पापुद्रा उरतो आणि पापुद्र्याच्या पलीकडे भरपूर हवा. गंजण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती नाही. टर्नरचे वाक्य अगदी शास्त्रशुद्ध होते.

त्यातून निघणारा सल्लाही स्पष्ट आहे. पाणी ओसरल्यानंतरचा पहिला दीड-दोन दिवसांचा काळ सर्वांत मोलाचा. पण त्या काळात माणूस घर सावरत असतो आणि यंत्राकडे आठवड्याने वळतो. तोवर यंत्रावरचा गाळ वाळून घट्ट झालेला असतो. गाळाखाली ऑक्सिजन कमी, बाहेर जास्त, म्हणजे इव्हान्सचाच थेंब मोठ्या प्रमाणावर. गाळाखालचे लोखंड ॲनोड बनते आणि तिथे खड्डे पडतात. म्हणून गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुवावा. गंजाच्या भीतीने पाणी लावायचे टाळणे ही मोठी चूक होय, कारण गाळातले क्षार पाण्यानेच जातात. नंतर फडक्याने पुसून, हवेचा झोत मारून कोरडे करावे आणि पाणी हटवणारे पातळ तेल फवारावे. बाजारातले डब्ल्यूडी-४० हे नाव मुळात ‘पाणी हटवणे’ याच अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आले आहे. अमेरिकेत १९५३ साली ते क्षेपणास्त्राचे कवच गंजू नये म्हणून तयार झाले. पण त्याचा थर पातळ असतो. त्यावर अवलंबून सारा पावसाळा काढू नये, वरून जाड तेल किंवा ग्रीस लावावे. विजेच्या मोटरी मात्र जाणकाराने उघडून, वाळवून, तपासल्याशिवाय चालू करू नयेत.

उपायांची यादी कोणासाठी?

धड्यातल्या उपायांची यादी पूल, खिडकीचे गज आणि पत्र्याची छपरे यांच्यासाठी ठीक आहे. हत्यारांना ती लावून पाहा. कानशीच्या दात्यांना रंग देता येत नाही. तिला तेल लावले तर ती कामावर घसरते आणि बुरादा दात्यांत अडकतो. व्हर्निअरच्या जबड्यांवर जस्ताचा मुलामा दिला तर माप चुकते. लेथच्या बेडवर रंग चालत नाही, कारण त्याच्यावरून कॅरेज सरकते. हत्याराचा जो भाग काम करतो तो उघडाच ठेवावा लागतो, हेच हत्याराचे वैशिष्ट्य आहे. म्हणून हत्यारांसाठी पहिला उपाय लोखंडावर करण्याऐवजी त्याच्याभोवतीच्या हवेवर करावा लागतो.

पुन्हा आकड्यांकडे जाऊ. २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा कपाटात बंद केली आणि तिचे तापमान पाच अंशांनी वाढवले, तर बाष्प तेवढेच राहूनही सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. सात अंशांनी वाढवले तर ६० टक्क्यांवर, म्हणजे व्हर्ननच्या उंबरठ्याशी. जुने लोक कपाटात विजेचा लहान दिवा लावून ठेवत, त्याचे मर्म हेच. दिवा तारेचा हवा, एलईडीचा दिवा पुरेसा तापत नाही. दिव्याला जाळीचे आवरण घालावे आणि तेलकट फडकी त्या कपाटात कधीही ठेवू नयेत. ही जोखीम नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल पुरते. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. कानशी त्यातच ठेवाव्यात. मोजमापाची साधने स्वच्छ पुसून खनिज तेलाचा हलका हात फिरवून ठेवावीत. मायक्रोमीटरचे जबडे मिटवून न ठेवता किंचित उघडे ठेवावेत.

तेल कोणते, यातही चूक होते. घरची विळी खोबरेल किंवा गोडेतेल लावून ठेवली जाते आणि ती रोज वापरात असल्याने चालून जाते. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या हत्याराला खाद्यतेल लावू नये. ते हवेने चिकट होते आणि त्यात आम्ले तयार होतात. कातड्याच्या म्यानात किंवा वर्तमानपत्रात हत्यारे गुंडाळून ठेवू नयेत. दोन्ही ओलावा धरतात, आणि कमावलेल्या कातड्यात क्षार व आम्लेही असतात.

शाळेपुरता आणखी एक मुद्दा फार महत्त्वाचा आहे. पुष्कळ ठिकाणी प्रयोगशाळेतली रसायने आणि कार्यशाळेतली हत्यारे एकाच खोलीत, कधी एकाच कपाटात असतात. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीचे बूच कितीही घट्ट लावले तरी थोडी वाफ निसटतेच. त्या बाटलीच्या आसपासचे लोखंड सर्वांत आधी गंजते. आपल्या शाळेतल्या स्टँडचे लोखंडी दांडे आणि कपाटाच्या बिजागऱ्या पाहून हे ताडून पाहावे. बाटली दुसऱ्या खोलीत नेणे हा बिनखर्ची उपाय आहे.

काढण्याविषयी धडा गप्प

चढलेला गंज काढायचा कसा, याविषयी बहुतेक धडे एक ओळही लिहीत नाहीत. मग ही जागा ऐकीव उपाय घेतात, आणि त्यांत सर्वांत घातक म्हणजे संडास साफ करायचे ॲसिड. त्याने गंज क्षणात जातो हे खरे. पण गंज संपला की तेच आम्ल लोखंड खाऊ लागते. कडक केलेल्या स्प्रिंग किंवा पात्यात क्रियेतून निघालेला हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होतात. शिवाय मागे उरलेल्या क्लोराइडमुळे धुतलेले हत्यार तासाभरात पुन्हा तांबूस पडते.

त्यापेक्षा सौम्य मार्ग बरे. वरवरचा गंज असेल तर तेल लावून बारीक तारेच्या लोकरीने पुसावा. व्हर्निअरसारख्या साधनावर पॉलिश पेपर कधीही चालवू नये, कारण गंजाबरोबर मापही जाते. जाड गंज असेल तर लिंबूफुलाच्या, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या, पातळ द्रावणात काही तास ठेवून मधूनमधून ब्रशने घासावे. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारावे, गरम पाण्याने धुऊन लगेच वाळवावे आणि गरम असतानाच तेल लावावे. शेवटच्या तीन पायऱ्या वगळल्या तर आधीची सारी मेहनत वाया जाते.

विजेने गंज काढण्याची रीत तर विद्युतविच्छेदनाच्या धड्याला जोडूनच दाखवता येईल. प्लॅस्टिकच्या बादलीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण, १२ व्होल्टच्या चार्जरचे ऋण टोक हत्याराला, धन टोक टाकाऊ लोखंडी पत्र्याला. पत्रा झिजतो, हत्यारावरचा गंज सैल होऊन सुटतो आणि चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. पत्रा स्टेनलेस स्टीलचा नसावा, कारण त्यातून विषारी क्रोमिअम पाण्यात उतरते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून ती उघड्यावर आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. स्प्रिंग आणि कडक पाती यांत घालू नयेत.

आणि एक उपाय आपल्या मातीतला. कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावताना हिरडा आणि बाभळीची साल वापरतात. हिरडा आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत होतो. त्यातले टॅनिन लोखंडाच्या संयुगांशी मिळून काळे संयुग देते, हिरड्याची जुनी शाईही याच रसायनाची. गंजलेल्या पट्टीचा सुटा गंज ब्रशने काढून तिच्यावर हिरड्याचा घट्ट काढा लावा. तांबडा थर काळा पडेल आणि बराच स्थिर होईल. बाजारातल्या कित्येक ‘रस्ट कन्व्हर्टर’ द्रवांत टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असते, ते याच जातीचे. मात्र या काळ्या थरातून पाणी आत जाऊ शकते, म्हणून वर रंग किंवा तेल हवेच. रंधा, पहार, शेगड्याचे अंग यांना हा उपाय चालेल, मोजमापाच्या साधनांना नाही.

लोहस्तंभाचे उदाहरण

गंजाच्या धड्यात दिल्लीचा लोहस्तंभ हमखास येतो. सुमारे १६०० वर्षे उभा असलेला, सहा टनांहून जड असा तो स्तंभ खरोखर थोर आहे. पण ‘आपल्या पूर्वजांनी न गंजणारे लोखंड बनवले’ एवढ्यावर विषय संपवला तर विज्ञान सुरू होण्याआधीच थांबते. कानपूरच्या आयआयटीतील आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण बरेच आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ संरक्षक थर तयार झाला, असे त्यांनी दाखवले. दिल्लीची हवा वर्षातला मोठा काळ कोरडी असते, हेही लक्षात घ्यायला हवे. आणि स्तंभाचा जमिनीत गाडलेला भाग गंजलेला आहे! म्हणजे लोखंड तेच, परिस्थिती वेगळी, परिणाम वेगळा. ही तुलना विद्यार्थ्यांना दिली तर लोहस्तंभ अभिमानाबरोबर विचारालाही कारण होईल.

शिक्षकांना काय करता येईल?

पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी, देशासाठी असते. त्यात कोल्हापूरच्या जुलैसाठी पान मिळणार नाही. पण शिक्षकाला ते मिळण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तीन नळ्या ठेवाव्यातच. त्यांना जोडून पावसाळ्यात आणखी एक प्रयोग लावावा. घासलेल्या पोलादी पट्टीचे पाच तुकडे घ्या. पहिला स्पिरिटने पुसून तसाच ठेवा. दुसऱ्यावर घामट अंगठा उमटवा. तिसऱ्यावर चिमूटभर रस्त्यावरची धूळ टाका. चौथ्याला यंत्राचे तेल लावा. पाचवा सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवा. पहिले चार तुकडे वर्गातच, एका फळीवर आठवडाभर राहू द्या. शेजारी ओल्या व कोरड्या फुग्याचे तापमापक टांगून रोज आर्द्रता नोंदवा. विज्ञान आणि भूगोल यांची भेट तिथे आपोआप होईल. जुने मिस्त्री हत्यारांच्या पेटीत कापराची वडी ठेवतात. तिचा काही उपयोग होतो का, हे सहावा तुकडा ठेवून मुलांनाच तपासू द्या. याचे उत्तर कोणत्याही गाइडात नाही, त्यामुळे निरीक्षण आधीच लिहून ठेवण्याची सोय राहत नाही.

दुसरी गोष्ट, शाळेतल्या हत्यारांची देखभाल विद्यार्थ्यांकडे सोपवावी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हातांनी काम करत शिकता यावे म्हणून. त्या विचारातून अनेक शाळांत हत्यारे आली. ती टिकली तरच तो विचार टिकतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, सर्व हत्यारे पुसून, तेल लावून, डब्यात बंद करून यादी करावी. पावसाळ्यात दर शनिवारी एका गटाने ती उघडून पाहावीत आणि दिसेल ते वहीत लिहावे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावातल्या मुलाला व्हर्निअर हातात धरता यावा, ही अपेक्षा मोठी नाही.

त्या शाळेतली निर्लेखनाची यादी पुढे मंजूर झाली की नाही ते मी विचारले नाही. जाताना मात्र मी त्या जाम झालेल्या व्हर्निअरवर पातळ तेल सोडून आलो होतो. पंधरा दिवसांनी शिक्षकांचे पत्र आले : रोज थोडे तेल घालून आणि हळूहळू हलवून नववीच्या दोन मुलींनी जबडा मोकळा केला होता. शून्याची चूक ०.२ मिलिमीटर निघाली. ती वजा करून त्यांनी खिळ्याचा व्यास मोजला होता. पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता : ‘‘आमच्या पहिल्या नळीतला खिळा आठ दिवस झाले तरी गंजलेला नाही. काय लिहू देऊ?’’

मी कळवले, गंजला नाही असेच लिहू द्या. मग तो खिळा कानशीने थोडा घासून पुन्हा नळीत टाका आणि मुलांना दोन्ही निरीक्षणे शेजारी शेजारी लिहायला सांगा.